हिवाळा आला, मालजीप तयार करा

अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात हिवरखेड हे गाव आहे. उत्तरेला सातपुड्याचा डोंगर आहे. डोंगरात मेळघाटचे रान आहे.

दिवाळी झाली की इकडे कामाची घाई होते. कापूस घरी येतो. हरभरा आणि गहू पेरायचा असतो. खताची पोती आणावी लागतात. कापूस बाजाराला न्यावा लागतो. डोंगरातल्या गावांना मीठ, तेल, कापड पोचवावे लागते. पक्का रस्ता संपला की मोठा ट्रक अडतो. तिथे चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप कामाला येते.

जीप ही मुळात लष्कराची गाडी. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकेत तयार झाली. पुढे आपल्या देशात महिंद्र कंपनीने ती बांधायला घेतली. गाडी जुनी झाली तरी काम देते. पण तिची निगा राखावी लागते.

एका मालजीपवर एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर होते. क्लीनर म्हणाला,

"काका, आपल्या वऱ्हाडात बर्फ थोडाच पडते? मंग गाडीची येवढी तयारी काहून?"

"बर्फ नाई पडत बापा. पण पहाटे गाडी उठत नाई. थंडीनं ब्याटरीची ताकद कमी होते, अन् इंजनातलं तेल घट्ट होते. रानात गाडी बंद पडली तं कोण येईन?"

काकांचे म्हणणे खरे आहे. तयारी कशी करावी, ते आता पाहू.

१. पावसाळ्याचा चिखल काढा

पावसाळ्यात गाडी नाल्यातून जाते. चाकांच्या मधल्या गोळ्यात पाणी शिरते. त्या गोळ्याला डिफरन्शियल म्हणतात. त्यातले तेल काढून पाहा. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. ते तेल बदला. गाडी खालून धुवा. मग सर्व जागी ग्रीस भरा. ब्रेकचे ड्रम उघडून चिखल काढा. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढते. ते जुने झाले असेल तर नवे भरा. उंदरांनी तारा कुरतडल्या का, तेही पाहा.

२. थंडीची तयारी करा

बॅटरीपासून सुरुवात करा. हे काम करताना बिडी ओढू नका. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. आधी उणे (−) टोक सोडा, मग अधिक (+) टोक सोडा. टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा. कोरडे करून व्हॅसलिन लावा. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला. विहिरीचे पाणी घालू नका.

इंजिनात एक झडप असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. ती इंजिन लवकर गरम करते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात काही लोक ती काढून टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन थंडच राहते. डिझेल जास्त जळते. झडप काढली असेल तर पुन्हा बसवा.

थंडीत टायरची हवा आकसते. पाच-सहा अंश थंडी वाढली की सुमारे एक पौंड हवा कमी होते. म्हणून हवा सकाळी, गाडी चालण्याआधी मोजा.

फार थंडीत डिझेलमधले मेण गोठते. लडाखमध्ये असे होते. म्हणून २०१९ साली इंडियन ऑइल कंपनीने लडाखसाठी वेगळे डिझेल काढले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. आपल्याकडे एवढी थंडी नसते. पण फिल्टरमध्ये पाणी साचले असेल तर ते जरूर काढा.

३. आर.सी. बुक वाचा

गाडीत किती माल भरायचा? हे डोळ्यांनी ठरवू नका. गाडीच्या आर.सी. बुकात दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे भरलेल्या गाडीचे. त्यांची वजाबाकी करा.

समजा, बुकात असे आहे :

भरलेली गाडी : २,५०० किलो
रिकामी गाडी : १,६०० किलो
वजाबाकी : ९०० किलो

यात माणसांचे वजनही धरावे लागते. दोन माणसे १३० किलोची. अवजारे, दोर आणि ताडपत्री २० किलोची. झाले १५० किलो. उरले ७५० किलो. युरियाचे पोते आता ४५ किलोचे असते. सोळा पोत्यांचे ७२० किलो होतात. म्हणजे सोळाच पोती बसतात.

दुकानदार म्हणाला, "आणखी चार पोती टाका ना! एका खेपेत काम होते."

क्लीनर बुक वाचून म्हणाला, "नाई शेठजी. बुकात लिहेल हाये. सोळाच बसतात."

क्लीनरने बरोबर केले. वीस पोती भरली असती तर गाडी १५० किलोने जड झाली असती. घाटात ब्रेकने दगा दिला असता. शिवाय २०१९ साली बदललेल्या कायद्याप्रमाणे जादा मालाला २०,००० रुपये दंड आहे. दर जादा टनाला आणखी २,००० रुपये पडतात. पाहा, वाचता आले म्हणून माणूस "नाही" म्हणू शकला.

४. माल नीट रचा

जड माल खाली ठेवा. तो मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. मागे फार वजन झाले तर पुढची चाके हलकी होतात. मग गाडी वळणावर ऐकत नाही. दोन्ही बाजूंना सारखे वजन ठेवा.

जे शेवटी उतरवायचे, ते आधी भरा. रॉकेल, खत आणि फवारणीचे औषध पिठामिठाजवळ ठेवू नका. जॅक, पाना आणि स्टेपनी मालाखाली दाबू नका.

कापूस हलका असतो, पण उंच रचला जातो. उंच गाडी वळणावर कलंडते. कापसावर ताडपत्री बांधा. जवळ बिडी पेटवू नका. एक ठिणगी पडली तर वर्षाची कमाई जळते.

दोर ताणून बांधा. दोन-तीन मैल गेल्यावर थांबा आणि दोर पुन्हा ओढा. धक्क्यांनी माल बसतो आणि दोर सैल होतो.

५. घाटात जपून चाला

चढताना जो गिअर लागतो, तोच उतरताना ठेवा. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. चारही चाकांचा जोर चिखलात किंवा वाळूत लावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नका. त्याने गिअर झिजतात. पहाटे धुके असते. बैलगाड्यांना दिवा नसतो. म्हणून हळू चाला.

६. या तीन चुका करू नका

गाडी उठत नाही म्हणून इंजिनाखाली किंवा टाकीखाली जाळ करू नका.

बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. बंद केबिनमध्ये शेगडी घेऊन झोपू नका. त्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही.

मालावर माणसे बसवू नका. वेचणीला जाणारे मजूर, बायाबापड्या पोत्यांवर बसतात. गाडी कलंडली तर त्या मालाखाली सापडतात. मालाच्या गाडीत भाड्याने माणसे नेणे कायद्याने मना आहे. पोते फाटले तर शिवता येते. गेलेला जीव परत येत नाही.

उत्तरे लिहा

१. टायरची हवा सकाळी का मोजावी?
२. दुधासारखे तेल दिसले तर काय समजावे?
३. जड माल कुठे ठेवावा?
४. भरलेली गाडी ३,००० किलो, रिकामी गाडी १,८०० किलो. माणसे व सामान १६५ किलो. ४५ किलोची किती पोती भरता येतील?
५. तुमच्या गावातल्या एका गाडीचे आर.सी. बुक मागून घ्या. त्यातली दोन वजने वाचा आणि वहीत लिहा.