कीटकनाशके, औषधे आणि शरीरातील वाहक प्रथिने

अलिबाग-मुरूड मार्गावरील काशीद हे गाव पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी सुपरिचित आहे. किनाऱ्यामागे नारळ-सुपारीच्या वाड्या, भाताची खाचरे आणि आंब्याची झाडे आहेत. समोर मासळी देणारा समुद्र आहे. अशा गावातील कुटुंबाशी कीटकनाशकांचा संबंध दोन वाटांनी येऊ शकतो : एक फवारणीची, दुसरी अन्नाची. त्याच घरातील वडीलधारी व्यक्ती हृदयविकारावर नित्य औषध घेत असेल, तर या दोन द्रव्यांची शरीरात गाठ पडते काय, हा प्रश्न अगत्याचा ठरतो.

फवारणीतील तीव्र विषबाधेचे गांभीर्य २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. तेथे अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. येथे विचार करावयाचा आहे तो सहसा नजरेस न येणाऱ्या परिणामाचा.

पेशीतील उपसा

होडीत शिरणारे पाणी खलाशी सतत उपसून टाकतो. आपल्या पेशींच्या आवरणातील काही प्रथिने परकी द्रव्ये अशाच रीतीने बाहेर लोटतात. त्यांना वाहक प्रथिने म्हणतात. त्यांपैकी ‘पी-ग्लायकोप्रोटीन’ हे प्रथिन ज्युलियानो व लिंग या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये कॅनडात प्रथम वर्णिले. आतडे, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या येथे ते कार्यरत असते.

हृदयावरील ‘डिगॉक्सिन’ हे औषध शरीराबाहेर टाकण्यात या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. उपयुक्त मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत येथे थोडेच अंतर असते. क्विनिडीन किंवा व्हेरापामिल ही औषधे सोबत घेतल्यास हा उपसा मंदावतो व रक्तातील डिगॉक्सिन वाढते. म्हणूनच डॉक्टर त्याची मात्रा कमी करतात.

कीटकनाशकांचा संबंध

अनेक कीटकनाशके याच प्रथिनाला चिकटतात, असे प्रयोगशाळांत आढळून आले आहे. काहींना ते बाहेर लोटते, तर काही त्यालाच अडवून धरतात. याचे महत्त्व १९९४ मध्ये ॲमस्टरडॅम येथे स्पष्ट झाले. हे प्रथिन नसलेल्या उंदरांवर गोचिडवर्गीय किडींसाठी आयव्हरमेक्टिन वापरताच त्यांतील बहुतेक मरण पावले. औषध थेट मेंदूत साचले होते. पिकांवरील अळ्यांसाठी वापरले जाणारे इमामेक्टिन बेंझोएट हे याच कुळातील द्रव्य होय.

दुसरी वाट समुद्रातून येते. अमेरिकेतील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखविले की, कुपा म्हणजे ट्यूना माशात साठणारी डीडीटी, एन्ड्रिन, डिल्ड्रिन यांसारखी द्रव्ये पी-ग्लायकोप्रोटीनचे काम रोखतात. डीडीटीचे नाव रायगड जिल्ह्यास नवे नाही. रसायनी येथील हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन झाले. शेतीतील त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला. तथापि हे द्रव्य माती व चरबीत दीर्घकाळ टिकून राहते.

याचा अर्थ मासळी सोडावी असा नव्हे. ती सकस अन्न आहे. प्रयोगशाळेतील मात्रा आणि ताटातील मात्रा एक नसते. परंतु तान्ह्या बालकांत हा उपसा पुरेसा विकसित झालेला नसतो आणि वृद्ध अनेक औषधे घेत असतात. त्यांच्याबाबत सावधगिरी हितावह होय.

काय करावे?

फवारणी करताना हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल रंग अतिविषारी द्रव्य दर्शवितो. फवारणी व तोडणी यांमधील विहित दिवस पाळावेत. रिकाम्या डब्यांत पाणी वा धान्य ठेवू नये.

आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर आपण कोणती औषधे घेतो हे सांगतो, तसेच कोणते कीटकनाशक केव्हा फवारले हेही सांगावे. शक्य तर त्याचे वेष्टनपत्र सोबत न्यावे. औषधाची मात्रा ठरविताना डॉक्टरांना ही माहिती मोलाची ठरेल.