पुणे सोडून सातारा-सांगलीला शिफ्ट व्हायचं का? निर्णयाआधी मांडायचे पाच हिशोब



प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. "सर, पुण्यात घरभाड्यातच निम्मा पगार जातो. आमचं मूळ सांगलीकडचं. तिकडं जाऊन धंदा सुरू केला तर परवडेल का?" काहींचं सासर साताऱ्याला असतं, काहींचं वडिलोपार्जित घर मिरजेत असतं. प्रश्न मात्र एकच: कुटुंब घेऊन स्वस्त शहरात जावं की नाही?

व्हिडिओत थोडक्यात सांगितलं होतं. इथे आकड्यांसकट, सावकाश बघू. वही-पेन घेऊन बसा. शक्य असेल तर घरातल्या सगळ्यांना बरोबर घेऊन बसा, कारण या निर्णयात सगळ्यांचंच काहीतरी पणाला लागतं.

आधी एक जुनं उदाहरण

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावला होता. तिथली जागा सोडावी लागली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ माळरानावर जागा देऊ केली, आणि १९१० मध्ये किर्लोस्कर तिथे आले. त्या माळावर निवडुंग माजलेला होता. आज आपण त्या जागेला किर्लोस्करवाडी म्हणतो. ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे.

आता नीट बघा. जागा ओसाड होती, पण हाताशी तीन गोष्टी होत्या. काम येणारे कामगार कुटुंबासह बरोबर आले होते. माल नेण्या-आणण्यासाठी जवळ रेल्वे होती. आणि लोखंडी नांगराचा गिऱ्हाईक, म्हणजे शेतकरी, आजूबाजूलाच होता. जागा स्वस्तात मिळाली हा फायदा होताच, पण कारखाना उभा राहिला तो या तीन गोष्टींवर.

याच जिल्ह्यातलं उलटं उदाहरण घ्या. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातले सोन्या-चांदीचे गलाई व्यावसायिक देशभरातल्या सराफ बाजारांत पसरले. गावात राहणं स्वस्त होतं, तरी ते बाहेर गेले. कारण गलाईचं काम जिथे सराफ आहेत तिथेच मिळतं.

म्हणजे खर्च कमी होणार एवढ्यावर निर्णय होत नाही. माझं गिऱ्हाईक कुठे आहे, हा पहिला प्रश्न. तो डोक्यात ठेवून पुढे चला.

हिशोब १: घरखर्च खरंच किती कमी होईल?

समजा, एक जोडपं धायरीत भाड्याने राहतं. दोन मुलं आहेत. नवरा नोकरी सोडून धंदा सुरू करणार आहे, बायकोची २२,००० रुपयांची नोकरी आहे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे टाका.

पुण्यात महिन्याला:
- घरभाडं १८,०००
- वीज, मेंटेनन्स ४,०००
- शाळा ९,०००
- पेट्रोल, प्रवास ६,०००
- किराणा, दूध, भाजी १४,०००
- दवाखाना व इतर ७,०००
- कर्जाचा हप्ता ६,०००

एकूण ६४,०००.

तिकडं गेल्यावर:
- घरभाडं ९,०००
- वीज, मेंटेनन्स २,५००
- शाळा ५,५००
- पेट्रोल ३,०००
- किराणा, दूध, भाजी १३,०००
- दवाखाना व इतर ७,०००
- हप्ता ६,०००

एकूण ४६,०००.

बचत दिसते १८,०००. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि टेम्पो ठरवतात. तुम्ही थांबू नका.

किराण्यात फारसा फरक पडला नाही हे लक्षात आलं का? तेल, साखर, मोबाइल रिचार्ज, औषधं, कर्जाचा हप्ता यांना शहर कळत नाही. खरा फरक पडतो तो मुख्यतः भाडं, शाळा आणि रोजचा प्रवास या तीनच खात्यांत. तुमचं पुण्यातलं घर स्वतःचं असेल आणि हप्ते फिटले असतील, तर तुमची बचत यापेक्षा खूपच कमी असेल.

हिशोब २: जाणारं उत्पन्न

आता दोन गोष्टी वजा करा.

पहिली, पुण्याच्या फेऱ्या. जुने गिऱ्हाईक, कच्चा माल, मशीनचे सुटे भाग यासाठी महिन्यातून दोन चकरा होणारच. त्याचे ५,००० धरा. बचत उरली १३,०००.

दुसरी, बायकोची नोकरी. तिकडं तिला १२,००० ची नोकरी मिळाली तर महिन्याला १०,००० चं उत्पन्न गेलं. उरली बचत ३,०००.

मंडळी, १८,००० चे ३,००० झाले! घर आवरणं, टेम्पो, नव्या शाळेचा प्रवेश, गणवेश, रंगरंगोटी असा परत न मिळणारा खर्च ७५,००० धरला, तर तो भरून निघायला २५ महिने लागतील.

तेच, तिच्या ऑफिसने घरून काम करायला लेखी परवानगी दिली तर बचत १३,००० राहते आणि खर्च सहा महिन्यांच्या आत वसूल होतो.

या कुटुंबाच्या बाबतीत सगळा निर्णय तिच्या नोकरीवर येऊन थांबला आहे. म्हणून "अगं, तिकडं गेल्यावर बघू तुझ्या नोकरीचं" हे वाक्य या घरात चालणार नाही. आधी तिच्या नोकरीचं ठरवा, मग घर बघा.

हिशोब ३: हातातले पैसे किती महिने पुरतील?

धंद्याचे पहिले काही महिने घरात पैसे येणार नाहीत असंच धरून चाला. समजा घरखर्चासाठी बाजूला ५ लाख आहेत. धंद्याचं भांडवल यात धरायचं नाही, ते वेगळं.

- पुण्यातच राहिलात: खर्च ६४,०००, पगार २२,०००, महिन्याची तूट ४२,०००. पैसे पुरतील जवळपास १२ महिने.
- शिफ्ट झालात, पगार १२,०००: खर्च फेऱ्यांसह ५१,०००, तूट ३९,०००. शिफ्टिंगचे ७५,००० गेल्यावर उरले ४,२५,०००. पुरतील जेमतेम ११ महिने.
- शिफ्ट झालात, पगार २२,००० कायम: तूट २९,०००. पुरतील साधारण साडेचौदा महिने.

दुसरी ओळ परत वाचा. स्वस्त शहरात जाऊनही धंद्याला मिळणारा वेळ एक महिन्याने कमी झाला. हा हिशोब न करता गेलेलं कुटुंब वर्षभरात अडचणीत येतं, आणि मग दोष गावाला देतं.

हिशोब ४: सातारा की सांगली?

दोन्ही शहरं स्वस्त म्हणून एकाच पारड्यात टाकू नका.

साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर. सकाळी निघून काम करून रात्री घरी येता येतं. वाटेत खेड-शिवापूर आणि आनेवाडी असे दोन टोल आणि खंबाटकी घाट. तुमचे गिऱ्हाईक पुण्यातच राहणार असतील, म्हणजे जॉबवर्क, इंटिरिअर किंवा कंपन्यांना पुरवठा, तर साताऱ्याचा विचार करा. शिरवळ तर पुण्याच्या आणखी जवळ. वाई, पाचगणी, महाबळेश्वरच्या पर्यटकांवर चालणारा खाद्यपदार्थांचा धंदाही इथून जमतो, फक्त त्याचा सीझन-ऑफसीझन हिशोबात धरा.

सांगलीहून पुणे साधारण २३० किलोमीटर. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे दिवस गेलाच. म्हणून सांगलीला जायचं तर सांगलीचा बाजार धरून जा. हळदीची मोठी बाजारपेठ, तासगावचा बेदाणा, कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहती. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. मिरजेत वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक मिरजेत सतत असतात, त्यामुळे डबा, राहण्याची सोय, वैद्यकीय साहित्य असे धंदे तिथे चालतात. घरात कुणाचे उपचार चालू असतील तर त्यांच्यासाठीही मिरज जवळ असणं कामाला येतं.

सांगलीत जागा बघताना एक प्रश्न न चुकता विचारा: "२०१९ ला इथं पाणी किती आलं होतं?" २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांत कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. एखादा गाळा शेजारच्या भागापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर त्याचं कारण हे असू शकतं. आधी शेजारच्या दुकानदाराला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवायला सांगा. पीठ, मसाले, कापड असा भिजून खराब होणारा माल असेल तर वरचा मजला किंवा पूरपट्ट्याबाहेरची जागा घ्या, आणि मालाचा विमा काढताना त्यात पूर धरलाय का ते वाचा.

हिशोब ५: पत्ता बदलला की काय बदलतं?

- जीएसटी: महाराष्ट्रातच जात असाल तर नंबर तोच राहतो. पण मुख्य पत्ता बदलल्याचा अर्ज १५ दिवसांत करावा लागतो. उद्यम नोंदणीतही पत्ता बदलून घ्या.
- खाद्यपदार्थांचा परवाना: हा जागेशी बांधलेला असतो. नव्या जागेसाठी काय करावं लागेल ते माल बनवायच्या आधी विचारा.
- वडिलोपार्जित घर: "आपलंच तर घर आहे" असं म्हणून सुरुवात होते. पण सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर दादाचं, काकांचं नाव असेल तर त्यांचं लेखी संमतीपत्र घ्या. जीएसटी आणि बँक दोघेही ते मागतात. शिवाय धंदा चालायला लागल्यावर घरात वाद होत नाहीत.
- अनुदान: पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के अनुदान असा दर राहिला आहे. महापालिका-नगरपालिका हद्दीत जागा असेल तर शहरी, ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ग्रामीण. समजा १० लाखांचा प्रकल्प आहे आणि तुम्ही सर्वसाधारण गटात आहात, तर फक्त हद्दीमुळे १ लाखाचा फरक पडतो.

पण सावध. हे अनुदान नव्या युनिटला आहे. पुण्यात चालू असलेलं युनिट उचलून तिकडं नेलं तर ते नवीन धरलं जात नाही. गाळ्याचा करार करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आजचे नियम विचारा.

मग करायचं काय? टप्प्याने जा

१. आधी एकट्याने तीन महिने. धंदा करणाऱ्याने तिकडं एक खोली घ्यावी. कुटुंब पुण्यातच राहू द्या. या तीन महिन्यांत ओळखीतले आणि नातेवाईक सोडून निदान दहा गिऱ्हाइकांनी रोख पैसे देऊन माल घेतला पाहिजे. "चांगलं आहे, सुरू करा" हे कौतुक धरायचं नाही.

२. शाळेचं वर्ष मधेच मोडू नका. शिफ्टिंग एप्रिल-मे मध्येच. मूल नववी-दहावी किंवा अकरावी-बारावीला असेल तर त्याची परीक्षा होऊ द्या. मुलांना निर्णय सांगू नका, त्यांना विचारा.

३. परतीची रेघ आखा. "हातात चार महिन्यांचा खर्च उरला आणि तरी धंद्यातून घरी महिन्याला अमुक रुपये येत नाहीत, तर नोकरी शोधायची." हे वाक्य आजच कागदावर लिहा, नवरा-बायको दोघांनी सही करा. पैसे संपत आल्यावर डोकं शांत राहत नाही, म्हणून हे आत्ताच करायचं.

४. पुण्यातले धागे तोडू नका. जुने सप्लायर, जुने साहेब, जुने गिऱ्हाईक यांना जाण्याआधी भेटून सांगा. पहिल्या ऑर्डरी बऱ्याचदा तिथूनच येतात.

या आठवड्याचा गृहपाठ

हिशोब १, २ आणि ३ तुमच्या आकड्यांनी मांडा. शेवटी दोनच संख्या काढा: शिफ्टिंगचा खर्च किती महिन्यांत वसूल होतो, आणि हातातले पैसे किती महिने पुरतात. पहिली संख्या दुसरीपेक्षा मोठी आली तर या वर्षी शिफ्टिंग थांबवा, पण धंद्याची तयारी थांबवू नका. लहान आली, आणि तीन महिन्यांत दहा रोख गिऱ्हाईक मिळाले, तर बिनधास्त टेम्पो बोलवा.

दोन्ही संख्या व्हिडिओखाली लिहून पाठवा. पुढच्या भागात गाळ्याचा भाडेकरार करताना कोणती कलमं वाचायची ते बघू. तोपर्यंत हिशोब पक्का ठेवा!