*कोई मासा : भातशेतकऱ्यांनी घडवलेली जात*



शोभेच्या टाकीतला लाल-पांढरा कोई हा आपल्या शेततळ्यातल्या सायप्रिनसचाच भाऊबंद. त्याला रंग आला तो भातशेतकऱ्यांच्या तळ्यात.

*सुरुवात कशी झाली?*
जपानच्या निगाता भागात यामाकोशी हा डोंगराळ मुलूख आहे. हिवाळ्यात तिथे बर्फाने वाटा बंद होतात. म्हणून शेतकरी भातखाचरांच्या वरच्या तळ्यांत खाण्यासाठी कार्प पाळायचे. साधारण १८२०-३० च्या सुमारास काही माशांवर लाल, पांढरे रंग दिसू लागले. लोकांनी असे मासे खाल्ले नाहीत, बाजूला ठेवून त्यांचीच पैदास केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाल-पांढरा ‘कोहाकू’ तयार झाला. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले आणि देशभर नाव झालं.

*खरं काम निवडीचं*
एक मोठी मादी लाखांवर अंडी देते. पण जोडी कितीही चांगली असली तरी बहुतेक पिल्लं फिकी किंवा बेढब निघतात. तिथले शेतकरी पहिल्याच हंगामात तीन-चार वेळा छाटणी करतात. शेवटी मोजकीच उरतात, आणि भाव त्यांनाच मिळतो.

ऑक्टोबर २००४ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. तळी फुटली, गाव रिकामं करावं लागलं. तरी पैदाशीचे काही मासे हेलिकॉप्टरने बाहेर काढले. कारण पिढ्यान्पिढ्यांची निवड त्या नर-माद्यांतच होती.

*आपण काय लक्षात ठेवायचं?*
✅ “आई-बाप भारी आहेत” एवढ्यावर बारीक पिल्लांना जास्त पैसे देऊ नका. रंग उमटलेली बोटुकली स्वतः बघून, निवडून घ्या.
✅ कोई आणि सायप्रिनस एका तळ्यात सोडू नका. त्यांचा संकर होतो आणि रंग बिघडतो.
✅ कोई हर्पिस हा विषाणू दोघांनाही मारतो, त्यावर औषध नाही. नवीन मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. जाळं, बादलीही वेगळी.
❌ नको झालेले मासे ओढ्यात, नदीत सोडू नका.

कुणी कोई पाळत असाल तर फोटो आणि अनुभव इथेच पाठवा. काही अडलं तर व्हॉइस मेसेज करा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी