मेंदूला मार बसल्यानंतर : डिस्चार्जच्या कागदावरचा वर्णभेद

वृद्ध माणूस मोरीत घसरतो, डोक्याला मार बसतो. अमेरिकेत म्हातारपणी मेंदूला होणाऱ्या इजेचे सर्वांत मोठे कारण असे पडणेच आहे. उपचाराने जीव वाचतो. पण तो पुढे स्वतःच्या हाताने जेवेल का, संडासला एकटा जाईल का, हे नंतरच्या महिन्यांत ठरते. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही; उरलेल्या भागाला ते काम शिकवावे लागते, रोज, पुन्हापुन्हा. चालण्यासाठी फिजिओथेरपी, अंघोळ-कपड्यांसाठी ऑक्युपेशनल थेरपी, बोलण्या-गिळण्यासाठी स्पीच थेरपी. हाच पुनर्वसन उपचार.

तिथल्या पुनर्वसन रुग्णालयात साधारण रोज 3 तास, आठवड्यातून 5 दिवस ही थेरपी मिळते. नर्सिंग होममध्ये (आपल्याकडचा खासगी दवाखाना नव्हे, वृद्धांची शुश्रूषा करणारी जागा) बरीच कमी. घरी गेल्यावर त्याहून कमी. आणि अनेक अभ्यासांत हेच दिसले, की सारखीच इजा असूनही काळ्या व हिस्पॅनिक रुग्णांना पुनर्वसन रुग्णालयात गोऱ्यांपेक्षा कमी पाठवले जाते.

पैसे नसतील, असे कोणी म्हणेल. पण 65 वर्षांवरील बहुतेकांना तिथे सरकारी विमा आहे, मेडिकेअर. तो 1966 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचा पैसा हवा असलेल्या रुग्णालयांना काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड बंद करावे लागले. पाट्या उतरल्या. तरी 2002 मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने सांगितले, की विमा आणि उत्पन्न सारखे धरले तरी उपचारात फरक उरतोच.

तो कसा उरतो, हे वॉर्डात काम केलेल्या नर्सला वेगळे सांगावे लागत नाही. कोणी वाईट शब्द बोलत नाही. "यांच्या घरचे करतील सगळे" असे गृहीत धरले जाते. दुभाषी नसतो, म्हणून गोंधळ किती आहे हे नीट तपासले जात नाही. खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर घेतले असेल तर आधी परवानगी लागते. ती नाकारली तर अपील करता येते, पण अपील लिहिणार कोण? जो विचारतो, त्याच्यासाठी फोन लावला जातो.

आपल्या घरातल्या वृद्धाला डिस्चार्ज मिळताना हेच विचारा : थेरपी कोणती, किती दिवस, कुठे? कागदावर लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हातारपणी मेंदूभोवती हळूहळू रक्त साचून त्रास कित्येक आठवड्यांनीही सुरू होतो. वाढती डोकेदुखी, सतत झोप, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यातले काही दिसले तर "वय झाले" म्हणून थांबू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा.