शब्द एक, अर्थ अनेक : ‘ट्रस्ट’

देवळाच्या पाटीवर किंवा देणगीच्या पावतीवर ‘ट्रस्ट’ हा शब्द तुम्ही पुष्कळदा वाचला असेल. त्याचा अर्थ विचारला, तर बहुतेक जण ‘संस्था’ एवढेच सांगून थांबतात. आज तो नीट समजून घेऊ.

पहिला अर्थ ‘विश्वास’ किंवा ‘विश्वास ठेवणे’. ‘आय ट्रस्ट यू’ म्हणजे ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’. मराठीत ‘वर’ येतो म्हणून काही विद्यार्थी ‘ट्रस्ट ऑन यू’ असे लिहितात. ते चूक होय.

दुसरा अर्थ ‘खात्रीपूर्वक आशा’. पत्राच्या आरंभी ‘आय ट्रस्ट यू आर वेल’ असे लिहितात, म्हणजे ‘आपण कुशल असालच’.

तिसरा अर्थ कायद्यातील. एकाने आपले धन दुसऱ्याच्या हाती सोपवावे आणि त्याने ते स्वतःसाठी न वापरता ठरलेल्या कार्यासाठी सांभाळावे, या व्यवस्थेस ट्रस्ट अथवा न्यास म्हणतात. सांभाळणारा तो ट्रस्टी, म्हणजे विश्वस्त. पाहा, या शब्दातही विश्वास आहेच!

आपल्या इंदुरातच याचे उदाहरण आहे. अहिल्यादेवींनी होळकरांच्या खासगी संपत्तीवर तुळशीपत्र ठेवून ती धर्मकार्यास वाहिली, असे सांगतात. तुळशीपत्र ठेवणे म्हणजे आपला हक्क सोडणे. त्यांच्या देवस्थानांच्या व्यवस्थेसाठी १९६२ साली खासगी ट्रस्ट स्थापन झाला. पुढे मालमत्तेच्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, हा ट्रस्ट सार्वजनिक असून १९५१ च्या मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे. नाव ‘खासगी’, परंतु धन लोकांचे!

लहानपणी दानपेटीतील पैसे मोजताना मी एक नाणे खिशात घातले होते. वडिलांनी ते पाहिले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “बाळ, हे आपल्याजवळ आहे, आपले नाही.” मी नाणे परत ठेवले. पुढे शाळेत ‘ट्रस्ट’ शब्द आला, तेव्हा त्याचा अर्थ मला निराळा पाठ करावा लागला नाही.

अभ्यास : तिन्ही अर्थांनी ‘ट्रस्ट’ शब्दाची एकेक वाक्ये करा. तसेच, तुमच्याजवळ असलेल्या, पण तुमच्या नसलेल्या तीन वस्तूंची नावे लिहा.