फाटकावरची बोगनवेल

आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेला विद्यार्थी वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा आवारात आला, की त्याची नजर प्रथम फाटकाच्या कमानीवर जाते. पत्र्याच्या खोल्या गेल्या, स्लॅबच्या इमारती उभ्या राहिल्या, हौदाच्या जागी टाक्या आल्या; कमानीवरची बोगनवेल मात्र जागच्या जागी आहे. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा आम्ही ठरविले, की संस्थेच्या वाटचालीवर इतर मान्यवर लिहितीलच. आपण या वेलीवर एक पाठ लिहावा. इतिहासाच्या शिक्षकाने झाडाझुडपांवर लिहावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु या वेलीच्या नावामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास आपल्या आवारापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, हे पाठाच्या अखेरीस पाहू.

प्रथम वेलीची ओळख करून घेऊ. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. ब्राझील, पेरू, अर्जेंटिना हा तिचा प्रदेश. ती काटेरी असून आधार मिळाल्यास वेलीसारखी चढते आणि छाटणी करीत राहिल्यास झुडूप होऊन राहते. वर्गाबाहेर कमानीखाली मुलांना उभे करून आम्ही नेहमी एकच प्रश्न विचारतो : हिचे फूल कोणते? सारी मुले त्या भडक गुलाबी पाकळ्यांकडे बोट दाखवितात. वस्तुतः त्या पाकळ्या नव्हेत, ती रंग बदललेली पाने आहेत. वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. तीन छदांच्या मध्ये बारीक नळीसारखी तीन फुले असतात व त्यांच्या टोकाशी इवलीशी पांढुरकी चांदणी उमलते. तेच खरे फूल. छद वाळले तरी बराच काळ झुपक्यात टिकतात, म्हणूनच लोक त्यांस कागदी फूल म्हणतात. छदांना रंग देणारी द्रव्ये बिटाला लाल रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच गटातील आहेत. तसेच अंगणातील गुलबक्षी आणि बांधावर आपोआप उगवणारी पुनर्नवा या दोन्ही वनस्पती बोगनवेलीच्याच कुळातील होत. परदेशातून आलेल्या या पाहुणीचे नातलग आपल्या गावी आधीपासूनच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करू. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या उतारांवर वसलेला, पर्जन्यछायेतील प्रदेश. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून काढला. २०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांत टँकरची वाट पाहणारे हंडे आपण सर्वांनी पाहिले. जेथे पिण्याच्या पाण्याची विवंचना, तेथे बाग ही चैन वाटते आणि ते वाटणे चुकीचे नाही. हिरवळ आणि गुलाबाचे ताटवे येथे सांभाळणे म्हणजे माणसांच्या तोंडचे पाणी मातीला घालणे होय. बोगनवेलीचे तसे नाही. पहिली एक-दोन वर्षे जपली, मुळे खोल गेली, की ती फार थोड्या पाण्यावर जगते. किंबहुना पाण्याची ओढ बसली की तिला बहर येतो. फाल्गुन-चैत्रात रानातील गवत पिवळे पडते, त्याच सुमारास आपली कमान रंगाने भरून जाते. महामार्गांच्या दुभाजकांत बोगनवेल लावतात त्याचे एक कारण हेच. शिवाय समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांचा झोत तिच्या दाट फांद्यांनी अडतो.

दुभाजकांत तिच्या जोडीला कण्हेरही असते. कण्हेरीलाही पाणी थोडेच लागते, पण तिचे पान, फूल, साल, बी, सारे विषारी आहे. लहान मुलांच्या शाळेत व वसतिगृहात कण्हेर लावू नये, असा आमचा आग्रह आहे. बोगनवेलीला तो धोका नाही. काट्यांपासून मात्र जपावे लागते. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आलेल्या फांद्या वेळच्या वेळी छाटाव्यात. तिच्यापासून फळ मिळत नाही व दाट सावलीही मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणून कुंपणाला बोगनवेल आणि आवारात कडुनिंब, चिंच, आंबा, अशी वाटणी करावी.

लागवडीची रीत सोपी आहे. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलएवढ्या जाडीच्या, पक्व फांदीचे वीतभर लांबीचे तुकडे घ्यावेत. खालची पाने काढून माती, वाळू व शेणखताच्या मिश्रणात, पिशवीत ते लावावेत. ओल राखावी, चिखल होऊ देऊ नये. जी वाणे फांदीपासून सहज रुजत नाहीत, त्यांची गुटी बांधावी. रोप लावण्याची जागा दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन येईल अशी असावी. आपल्याकडील काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. तेथे खड्ड्यात मुरूम मिसळावा व रोप थोडे उंचवट्यावर लावावे. मुरमाड माळावर ती अधिक सुखी असते. पाणी व नत्रयुक्त खत फार दिल्यास पाने माजतात व रंग येत नाही, ही चूक बहुतेक जण करतात. बहर ओसरल्यावर छाटणी करावी, कारण नव्या फुटीवरच पुढचा बहर येतो. वाणांची निवड भरपूर आहे. ‘मेरी पामर’ या वाणात तर एकाच झाडावर पांढरे व गुलाबी असे दोन्ही छद येतात. आपल्या देशात या वनस्पतीचा अभ्यासही झाला आहे. गव्हाच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे व १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल हे गुलाब आणि बोगनवेल या दोहोंचेही जाणकार होते.

आता नावाकडे वळू. लुई आंत्वान द बूगँव्हील हा फ्रेंच नौदलाचा कप्तान १७६६ साली पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. त्याच्या मोहिमेत दोन जहाजे होती. दुसऱ्या जहाजावर फिलिबेर कॉमर्सन हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १७६७ साली जहाजे ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे थांबली असता ही वेल मोहिमेच्या संग्रहात आली. कॉमर्सन यांनी तिला कप्तानाचे नाव दिले आणि १७८९ साली ज्यूस्यू या शास्त्रज्ञाच्या ग्रंथातून ते छापले गेले. पुढे मराठी माणसाने त्या नावाचा शेवट ऐकला आणि त्याची ‘वेल’ केली.

येथवरची हकीकत बागकामाच्या पुस्तकांतही सापडते. परंतु कॉमर्सन यांच्यासोबत जहाजावर एक मदतनीस होता. कॉमर्सन यांचा पाय व्रणामुळे अधू झाला होता. त्यामुळे डोंगर चढणे, झाडे गोळा करणे, वनस्पती दाबण्याच्या फळ्या, शिधा व हत्यारे वाहणे, ही कष्टाची कामे बऱ्याच अंशी या मदतनीसाने केली. तो मदतनीस म्हणजे पुरुषवेशातील एक स्त्री होती. तिचे नाव झान बारे. १७४० साली फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातील ला कोमेल या खेड्यात एका मजुराच्या घरी तिचा जन्म झाला. फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर स्त्रियांना मज्जाव होता, म्हणून तिने वेष बदलला. बूगँव्हीलच्या वृत्तांतानुसार १७६८ साली ताहिती बेटावर ते गुपित उघड झाले. कॉमर्सन व बारे पुढे मॉरिशस बेटावर उतरले. कॉमर्सन १७७३ साली वारले. बारे यांनी तेथेच विवाह केला आणि पुढे त्या फ्रान्सला परतल्या. जगाला प्रदक्षिणा घालणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज इतिहास त्यांची नोंद घेतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की बूगँव्हीलने आपल्या प्रवासवर्णनात बारे यांचा उल्लेख केला आणि १७८५ साली फ्रेंच सरकारने त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन दिले. परंतु कॉमर्सन यांच्या नावाच्या अनेक वनस्पती झाल्या, तशी बारे यांच्या नावाची एकही टिकली नाही. कॉमर्सन यांनी एका वनस्पतीस ते नाव देण्याचे योजिले होते, पण ते प्रचारात आले नाही. अखेर २०१२ साली, बारे यांच्या निधनानंतर २०५ वर्षांनी, दक्षिण अमेरिकेतील वांग्या-बटाट्याच्या कुळातील एका वेलीस ‘सोलॅनम बारेती’ असे नाव देण्यात आले.

हा इतिहास आम्ही प्रतिवर्षी कमानीखाली सांगत आलो. यंदा स्मरणिकेच्या निमित्ताने जुनी दप्तरे चाळताना आमच्या मनात एक प्रश्न आला : आपली ही बोगनवेल लावली कोणी? आम्ही स्वतः याच वसतिगृहाचे विद्यार्थी. आम्ही आलो तेव्हा ती कमानीपर्यंत पोहोचली होती. स्वयंपाकघरातील मावशी तांदूळ धुतलेले पाणी रोज सायंकाळी तिच्या बुडाशी ओतीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर कामावरून परतताना एका बंगल्याच्या कुंपणाची छाटलेली फांदी त्यांनीच आणून येथे खोचली, असे आमच्या आधीचे विद्यार्थी सांगत. कमानीच्या फरशीवर अध्यक्षांची व देणगीदारांची नावे कोरलेली आहेत आणि ती असावीतच. दप्तरात मात्र मावशींच्या पगाराची नोंद ‘स्वयंपाक, एक बाई’ एवढीच सापडली. आम्ही त्यांना पाच वर्षे मावशी म्हटले. त्यांनी आम्हाला वाढले, आजारपणात रात्री उशाशी बसल्या. आणि आम्ही त्यांचे नाव कधी विचारले नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच लोकांना बोल लावणाऱ्या इतिहासाच्या शिक्षकाला या गोष्टीची लाज वाटली पाहिजे, आणि ती वाटली.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि गावातील ज्येष्ठांना आमची विनंती आहे. मावशींचे पूर्ण नाव, गाव, त्यांचे कोणी आप्त ठाऊक असल्यास शाळेच्या कार्यालयात कळवावे. या वर्षी पावसाळ्यात मुलांनी वेलीच्या फांद्या पिशव्यांत लावल्या आहेत. भेटीस येणाऱ्या प्रत्येकाने एक रोप आपल्या गावी न्यावे. वेलीच्या बुडाशी बसविण्यासाठी एक छोटी पाटीही आम्ही रंगवून ठेवली आहे. तिच्यावर नाव तेवढे लिहावयाचे राहिले आहे.