सगळ्यांना एका टेबलाशी बसव

अगं, काल तू फोन ठेवलास आणि मला झोपच येईना. "ताई, हा पोरगा नेमका कुणाच्या हद्दीत येतो तेच कळत नाही," म्हणालीस ना, अगदी तेच मी सहा वर्षांपूर्वी सिव्हिलच्या बाकावर बसून स्वतःशी म्हणत होते. शाळा म्हणते डॉक्टरांकडे न्या, डॉक्टर म्हणतात शाळेशी बोला, समुपदेशक म्हणतात घरातलं वातावरण बघा. आणि घरचे? "तूच लाडावून ठेवलंस."

लाडानं हे होत नाही, बाळा. रात्र रात्र न झोपणं, हाताला येईल ते भिरकावणं, आणि मग कुशीत शिरून "आई, मला असं का होतं गं?" म्हणून रडणं, हा आजार आहे. हे आधी मनात पक्कं कर.

आता माझ्या थोरल्याचं सांगते, कधी कुणाला सांगितलं नाही. त्याला गोळ्या सुरू झाल्या त्या रात्री साडेदहाला द्यायच्या होत्या, आणि शाळा सकाळी सातची. पहिल्या तासाला पोराची मान बाकावर. बाईंना वाटलं, मुद्दाम करतोय. रोज वर्गाबाहेर उभं करायच्या. दहाच्या सुमारास गुंगी उतरली की हा चवताळायचा, कारण सकाळभर अपमान गिळलेला असायचा. मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं, "शाळेतला त्रास वाढलाय." त्यांनी डोस वाढवला. गुंगी आणखी वाढली! बाई दुष्ट नव्हत्या, डॉक्टरही नव्हते. फक्त दोघांची कधी गाठच पडली नव्हती. शेवटी मी आठवडाभर एका कागदावर लिहिलं: कधी झोपला, कधी उठला, कितव्या तासाला काय झालं. शाळेतलं शिपाईमामांनी सांगितलं. तो कागद पाहून डॉक्टरांनी डोस उतरवला, गोळी संध्याकाळी सातला आणली. महिन्याभरात तो पहिल्या तासाला जागा राहू लागला. (गोळ्यांची वेळ आपल्या मनानं मात्र कधीच बदलायची नाही हं.)

म्हणून म्हणते, एक फाईल कर. केस पेपर, चिठ्ठ्या, शाळेची पत्रं, तुझ्या नोंदी, सगळं तारखेनं लाव. कुठेही गेलीस की तीच गोष्ट पहिल्यापासून सांगून जीव जातो, तो तरी वाचेल.

मग मुख्याध्यापकांना बैठकीसाठी लेखी अर्ज दे आणि पोच घे. वर्गशिक्षिका हव्यात. समग्र शिक्षामधले विशेष शिक्षक येतील का, ते गटसाधन केंद्रात विचार. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीत डॉक्टरांबरोबर सोशल वर्कर असतात. डॉक्टरांना वेळ नसला तर त्यांना धर. शाळेत या, निदान फोनवर तरी बोला म्हणून पिच्छा पुरव. बैठकीत एवढंच ठरवून घे: तो बिथरला तर कुणी काय करायचं, कुठल्या खोलीत बसवायचं, तुला फोन कोण करणार. आणि पुढच्या वेळी या सगळ्यांना कोण बोलावणार, त्या एका माणसाचं नाव कागदावर लिहून घे. नाव नसलं की काम कुणाचंच नसतं.

दाखला हातात देऊ म्हणाले तर घाबरू नकोस. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि मारणं काय, मानसिक छळही त्यात चालत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजारही आहे, पण प्रमाणपत्राच्या बहुतेक सवलतींना 40 टक्क्यांची अट असते. ते डॉक्टरांना विचारून मगच रांगेत उभी राहा. देव न करो, पण भरती करायची वेळ आलीच, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मुलांना मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस सोबत राहतं. "आई बाहेर थांबा" म्हणाले तर हे सांग. रात्री-अपरात्री कुणीच नसलं तर 14416 लाव, टेलिमानस, मराठीत बोलतात. 1098 मुलांसाठी आहेच.

मला एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, अमेरिकेत 1982 मध्ये जेन निट्झर नावाच्या बाईंनी अशाच मुलांवर अहवाल लिहिला, त्याचं नावच 'अनक्लेम्ड चिल्ड्रन', म्हणजे ज्यांच्यावर कुणीच हक्क सांगत नाही अशी मुलं. तिथल्या सरकारनं 1984 पासून शाळा, दवाखाना, बालकल्याण यांना एकत्र आणायला पैसा घातला. ऐकून मला रडू आलं होतं. वाटलं, आपल्याकडे हे जोडायचं काम आईच्या पर्समधल्या फाईलीवर ढकललंय. ते तसं असू नये, आणि मी हे प्रत्येक बैठकीत बोलून दाखवते. तूही बोल, हात जोडून नको, सरळ बोल.

बुधवारी मी सकाळच्या एसटीनं येते. अर्ज आपण दोघी मिळून लिहू, आणि शाळेत मी तुझ्या शेजारची खुर्ची धरीन.